ताईचं मीठ

प्रिय ताई,

ठोंब्याचा वाकून नमस्कार. मी बरा आहे, पोटभर जेवतो, काळजी नको.

किडनीचा तो रक्तातला आकडा, क्रिएटिनिन, पुन्हा चढलाय. कधी उतरतो, कधी चढतो, का ते डॉक्टरीणबाईंना उमगत नव्हतं. काल त्यांनी अचानक बोलावून रक्त घेतलं आणि माझं पितळ उघडं पडलं.

पाठ धरते म्हणून मी पेनकिलरच्या गोळ्या घ्यायचो. किडनीसाठी बाईंनी त्या सक्त बंद केल्या होत्या. तपासणी जवळ आली की मी थांबवायचो, पाणी ढोसायचो, आकडा उतरायचा. घरी आलो की पुन्हा गोळी.

माझी नोकरी काय, तर हॉटेलांच्या भटारखान्यात न सांगता जाऊन स्वच्छता तपासायची. माझी कुणकुण लागल्यावर घाईघाईने फरशी पुसणाऱ्यांना मी काय काय बोललोय. बाई एवढंच म्हणाल्या, "तुम्ही तरी असं करायला नको होतं." मला मान वर करता येईना.

गोळ्या कचऱ्यात टाकल्या. आता सावरेल म्हणतात. भाओजींचा खोकला गेला का?

खरी लाज वेगळ्याच गोष्टीची वाटते. किडनीपायी माझं मीठ कमी झालं म्हणून तूही अळणी जेवायला लागलीस. गेल्या वेळी आकडा उतरला तेव्हा फोनवर म्हणालीस, "बघ, माझ्या मीठ सोडण्याला यश आलं." आणि मी "हो" म्हणालो.

रागाव हवं तेवढं. पण आधी जेवून घे, मीठ घालून.

तुझाच,
ठोंब्या