सत्तेचाळीस श्वास

देवळालीगाव, नाशिकरोड
रविवार, ४ नोव्हेंबर २००७

प्रिय ताईस,
ललितचा सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. आम्ही दोघं बरे आहोत. पल्लवीकडे दिवाळीच्या ब्लाउजांचं काम इतकं आलंय की तिला मशीनवरून उठायला फुरसत नाही. मी सकाळी क्लासमध्ये पोरांना कॉम्प्युटर शिकवून दुपारी घरी येतो, तर लाईट गेलेली असते. लोडशेडिंगचं वेळापत्रक आता मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल. तुझ्या सासूबाईंचा गुडघा कसा आहे? त्यांना थोडं थोडं चालायला लाव, नुसतं बसवून ठेवू नकोस.

आता तुझ्या तक्रारीबद्दल. दोन डिसेंबरला दाजींना जाऊन वर्ष होईल. पुण्यानुमोदनाला त्यांचंच गाणं लावायचं आणि मागे तू व लताबाईंनी कोरस धरायचा असं ठरवून तुम्ही सीडी लावून बसलात, आणि तिसऱ्याच ओळीला दोघी पडलात. ‘लल्या, ह्यात ते श्वासच घेत नाहीत. आम्ही उचलायचं कुठं?’ हे वाचून आधी मला हसूच आलं. तुझं खरं आहे. दाजी ओळ संपली की नाकाने जोरात श्वास ओढायचे, तो पार मागच्या रांगेला ऐकू जायचा, आणि त्या श्वासावर तुम्ही दोघी कोरस उचलायचात. ना हाताची खूण, ना डोळ्याची. बारा वर्षं येवल्यापासून सिन्नरपर्यंत प्रत्येक जयंतीला तसंच चाललं. ढोलकीवाले किती बदलले, पण तुमचा कोरस कधी मागेपुढे झाला नाही.

तर त्याचं असं आहे ताई, की हल्ली गाणं कॉम्प्युटरवर मिक्स करतात. दाजींचा आवाज एका ट्रॅकवर, ढोलकी दुसऱ्यावर, कोरस तिसऱ्यावर, आणि प्रत्येकाला वरून प्लगइन लावायचे. प्लगइन म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे छोटे प्रोग्रॅम. एक आवाज घुमवतो, एक खालीवर झालेला आवाज सारखा करतो, एक खरखर काढतो. मसाल्याचा डबा समज. मुंबईहून आणलेल्या एका सीडीत मला असे दोनशे मिळाले होते. घुमवायचेच अकरा लावून पाहिले. एकात दाजी विहिरीत उतरून गातायत असं वाटायचं, एकात बाथरूममध्ये. शेवटी मोठ्या हॉलचा निवडला. तू तेव्हा सासूबाईंच्या पडण्यामुळे मनमाडला अडकली होतीस, म्हणून कोरस पल्लवीकडून म्हणवून घेतला आणि एकीच्या चार बायका केल्या. ते तुला आवडलं नव्हतं हे मला माहीत आहे. तू बोलली नाहीस, पण कळतं.

श्वास काढायची हल्ली पद्धतच आहे. मोठ्या स्टुडिओतही काढतात म्हणे. आवाज कसा धुतल्यासारखा वाटतो. म्हणून मी काढले.

तू म्हणतेस की तुझे मसाले काढ आणि नुसता त्यांचा आवाज पाठव. ते आता होणार नाही गं. मूळ रेकॉर्डिंग राहिलं नाही. मागच्या मार्चमध्ये लाईट जाऊन येऊन हार्डडिस्क बसली, त्यात ते गेलं. घुमारा कमी करून दुसरी सीडी सोबत पाठवतोय. ओळ संपली की मनात दोन आकडे मोज आणि उचल. तुम्हाला जमेल.

परवा फोनवर तू हेच विचारत होतीस तेव्हा रेंज गेली, राग मानू नकोस. सगळ्यांना जयभीम सांग.

तुझा
लल्या

*

देवळालीगाव, नाशिकरोड
गुरुवार, २२ नोव्हेंबर २००७

ताई,
जयभीम.

हार्डडिस्क बसली नव्हती. त्या दिवशी रेंजही गेली नव्हती. मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे आणि ते ह्या पत्रासोबत पाठवतोय. पण पत्र पूर्ण वाचल्याशिवाय ती सीडी लावू नकोस, एवढं माझं ऐक.

तुझं उत्तर काल आलं. आकडे मोजून कोरस जमायला लागला असं लिहिलंस. आणि मग अगदी सहज लिहावं तसं पुढे लिहिलंस, की गेल्या वर्षी मे महिन्यात तू दाजींच्या मागे लागली होतीस, खोकला फार झालाय, दवाखान्यात चला. तर त्यांनी हीच सीडी लावली आणि तुला समोर बसवून म्हणाले, ‘ऐक नीट. छातीत काय असतं तर असा दम निघाला असता का?’ तुलाही ते पटलं, तू गप्प बसलीस, आणि आता वर्षभर स्वतःलाच बोल लावतेयस की मी तेव्हा हट्ट धरायला हवा होता.

ताई, हे मला माहीत नव्हतं. तुझी चूक नाही. पल्लवीने पत्र वाचलं आणि म्हणाली, ‘आता तरी लिहा त्यांना.’ तिला मी मागच्या डिसेंबरातच बरंचसं सांगितलं होतं. सगळं नाही.

फेब्रुवारीतला तो रविवार तुला मी कितीदा रंगवून सांगितलाय. दाजी क्रशरवरून सिन्नरच्या बसने आले, केसांत खडीची पांढरी धूळ तशीच. अंघोळ केली, पल्लवीच्या हातची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला, माझ्या कॉम्प्युटरला ‘काय पाव्हणं, तुमची पेटी गाते का नुसतीच बघते’ म्हणून चिडवलं. खोलीच्या चारी भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या, पंखा बंद, खिडकीत उशा कोंबल्या होत्या. आणि त्यांनी गायलं, ‘पाटी पुसली, पाणी सुकलं, अक्षर उरलं हाती गं.’ त्यांचंच गाणं, त्यांचीच चाल. मी एवढंच सांगत आलो. माझ्या कानाला हेडफोन होता, हे कधी सांगितलं नाही.

मोकळ्या कानाला माणसाचा श्वास म्हणजे नुसता वारा वाटतो. हेडफोनमध्ये तसं नसतं, माणूस तुझ्या डोक्याच्या आत बसून श्वास घेतो. पहिली ओळ संपली, दाजींनी श्वास ओढला आणि त्याच्या शेवटाला मला बारीक करकर ऐकू आली. ओल्या वाळूवर पाय दिला की येते तशी. दुसऱ्या ओळीनंतर पुन्हा. उंच सुराआधी थोडी जास्त.

तुला वाटेल मला ते काय आहे हे कळलं नसेल. मीही स्वतःला वर्षभर तेच सांगून पाहिलं. पण मला कळलं होतं. पहिल्याच ओळीला कळलं होतं.

चौऱ्याण्णव साली ह्याच खोलीत बाबा होते. तुझं लग्न नुकतंच झालं होतं आणि तुला लागण नको म्हणून आईने येऊ दिलं नव्हतं. चार महिने त्यांच्या खाटेखाली मी झोपत होतो. त्यांचा क्षय कळला तेव्हा फार उशीर झाला होता, पण ती करकर त्याच्या कितीतरी आधीपासून होती. आईला वाटायचं घोरतात. आता आई नाही. बाबांचा तो श्वास ऐकलेलं जिवंत माणूस मी एकटाच उरलोय. तू ऐकला असतास तर तूही दाजींना त्याच दिवशी दवाखान्यात नेलं असतंस.

मी नेलं नाही. आठ गाण्यांपैकी दोनच झाली होती. सीडी काढणाऱ्या पुंजाराम शेठने सांगून ठेवलं होतं की जयंतीच्या स्टॉलवर माल हवा तर मार्चअखेर मास्टर सीडी हातात पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. आणि कव्हरवर दाजींच्या फोटोखाली माझं नाव येणार होतं. ध्वनिमुद्रण व मिक्सिंग, ललित पगारे. आपल्या घरात कोणाचं नाव कशावर छापून आलं होतं, सांग बरं? दाजींना दवाखान्यात नेलं असतं तर डॉक्टरांनी आधी गाणं बंद केलं असतं. मी मनाशी म्हटलं, एवढी सहा गाणी होऊ देत, एप्रिलनंतर सांगू. एप्रिल झाला. सीडी चालली, लोक माझ्याकडे रेकॉर्डिंगसाठी यायला लागले. आणि मग सांगायचं म्हणजे ‘आधी का नाही सांगितलंस’ हे आलंच. म्हणून पुढे ढकललं, पुढे ढकललं. हावरटपणा केला आणि मग भित्रेपणा केला. दुसरा शब्द मला सापडत नाही.

श्वास काढायची पद्धत असते हे मी तुला लिहिलं ते खोटं नाही. पण ती पद्धत आहे म्हणून मी काढले नव्हते. मी मिक्सिंगला बसलो की ती करकर ऐकू यायची आणि हात थांबायचा. म्हणून खरखर काढायचे सात प्लगइन लावून पाहिले. त्यातला एक मला हवा तसा निघाला. त्याला आधी शिकवावं लागतं. ज्या आवाजाला कचरा समजायचं त्याचा एक तुकडा निवडून द्यायचा, मग तो अख्ख्या गाण्यातून तसं सगळं शोधून उपसतो. मी त्याला दाजींचा श्वास निवडून दिला. उरलेसुरले एक एक करून हाताने कापले. ह्या एका गाण्यात सत्तेचाळीस होते. त्यात आवाज पातळ झाला, म्हणून तो मोठा हॉल लावून भरून काढला. मागच्या पत्रात विहीर आणि बाथरूमचा विनोद केला, त्याची आता मला किळस येते.

आणि तीच धुतलेली सीडी लावून दाजींनी तुला सांगितलं की मला काही झालेलं नाही. स्वतःलाही त्यांनी तेच सांगितलं असणार.

सप्टेंबरात त्यांना रक्त पडलं आणि आपण त्यांना इकडे मोठ्या दवाखान्यात आणलं, तेव्हा डॉक्टरांशी बोलायला तू मलाच पुढे केलं होतंस. बाहेर येऊन मी तुला म्हटलं, गोळ्या सुरू केल्यात, बघू. डॉक्टर त्याहून जास्त बोलले होते. म्हणाले, ‘सहा महिन्यांपूर्वी का नाही आणलंत? गोळ्या फुकट मिळतात, माणूस चालत घरी गेला असता.’ मी चहा आणायला म्हणून गेलो होतो ना, तेव्हा जिन्यात बसलो होतो. तू विचारलंस इतका वेळ कुठे होतास, तर गर्दी होती म्हणालो.

ताई, इथे थांबावंसं वाटतं. पल्लवीलाही मी इथपर्यंतच सांगितलं आहे. पण सीडीत पुढचं आहे आणि ते तू माझ्याकडून आधी ऐकावंस.

त्या रविवारी गाणं संपल्यावर मी रेकॉर्डिंग बंद करायला विसरलो. कापताना मला ते सापडलं. गाण्यानंतर थोडा वेळ काही नाही, मग दाजी खोकतात, तांब्या ठेवल्याचा आवाज येतो. मग त्यांनी विचारलेलं आहे. हळू आवाजात, पण स्पष्ट.

‘ललित, त्यात तुला समदं ऐकू येतं ना रे?’

‘हो दाजी.’

‘मंग खरं सांग. माझा आवाज साफ हाय ना? म्हंजी, आतून?’

ह्यानंतर मी किती वेळ गप्प होतो ते कॉम्प्युटरवर मोजता येतं. चार सेकंद. मग माझा आवाज आहे.

‘एकदम साफ, दाजी.’

‘बरं झालं. मला उगाच भ्याव वाटत हुतं.’

त्यांना संशय होता, ताई. ते घाबरले होते, आणि तुला घोर नको म्हणून त्यांनी मला विचारलं, कारण त्या खोलीत ऐकू येणारा मीच होतो. तीन वेळा हा तुकडा खोडायला बसलो. खोडला असता तरी तुला कधी कळलं नसतं. ह्या खेपेला हात लावला नाही. ह्या सीडीवर एकही प्लगइन नाही. श्वास सगळे जागच्या जागी आहेत, तुम्हा दोघींना उचलता येईल. लोकांसमोर लावायच्या आधी तू एकदा एकटीने शेवटपर्यंत ऐक.

दोन तारखेला सकाळच्या गाडीने मी येतोय. विहारात लागणारे स्पीकर आणि वायरी घेऊन येईन. तोंड बघायचं नसेल तर लताबाईंच्या हाती निरोप ठेव, त्यांच्याकडे सामान देऊन तिथूनच परत फिरेन. मला माफ कर असं लिहिणार नाही. ते मागण्याचं तोंड मला नाही.

ज्याला ऐकू आलं होतं तो,
ललित