डाव्या पायाचं हाड अशांग तारखेच्या हाती पडू नये म्हणून

लिहून ठेवते की मी यांगझोम, मेमे छुल्टिम यांच्या मुलीची मुलगी, वय सतरा, राहणार पोल्दे गाव, वरची आळी, डोल्पो. शाळा पाचवीपर्यंत. डोकं ठिकाणावर आहे, छांग प्यायलेली नाही आणि हे माझ्या हातानं लिहिते आहे. दमदाटीखाली लिहीत नाही. दमदाटी झाली. माझ्या आईच्या भावानं केली, अशांग तारखेनं. पण मी तिच्याखाली आले नाही, हे नोंदवून ठेवावं.

वॉर्डातला लेखनिक म्हणाला, "अठरा पूर्ण होऊ देत, मग ये." मला तोंडावर बोलता येत नाही, घरी येऊन सुचतं. घरी आल्यावर सुचलं की खिंडीतला बर्फ वय विचारत नाही. मायन्याचे शब्द मात्र त्याच्याकडून पाठ करून आणले.

कारण असं की येत्या पौर्णिमेनंतर मी एकशे आठ झऱ्यांना निघते. एकेका झऱ्यापाशी एक दिवस बसायचं, हाडाची तुतारी फुंकून पाहुण्यांना बोलवायचं, डमरू आणि घंटा वाजवत च्यो गायचं. च्यो म्हणजे कापणं. गाता गाता मनात आपलं अंग कापायचं आणि पंगत वाढायची. आधी देव, मग राखणदार, मग किड्यामुंगीपर्यंत सगळे, मग भुतंखेतं आणि आपले वैरी. शेवटी एक पान बाजूला ठेवायचं. जे लंगडत उशिरा येतात, ज्यांना पंगतीत कोणी शिरू देत नाही, त्यांचं. गावातून आजवर तिघं गेले, परत एकटा मेमे आला. निघण्याआधी आपलं म्हणून जे असेल ते सगळं वाटून टाकायचं असतं. एक सुई लपवली तरी डमरू बद्द वाजतो.

तर वाटते.

एक. घराचा माझा अर्धा भाग, म्हणजे चुलीची खोली आणि वरचं धाबं, मेमेच्या बहिणीची सून ङावांग हिला. तिनं मला सात वर्षांत एकदाही नावं ठेवली नाहीत. बोललीही नाही फारशी, पण बाकीच्यांचं बोलणं ऐकल्यावर मला ते पुष्कळ वाटलं.

दोन. काळी याकीण, पुढचा डावा खूर फाटलेली, तिलाच. दूध काढताना गाणं लागतं. कुठलंही चालतं.

तीन. डब्यातले पैसे शाळेला. अट एकच. छपराचे निळे पत्रे बदलायचे नाहीत. पोचे पडलेले आहेत तसेच राहू द्यायचे. का ते खाली येतं.

चार. तुतारी. यासाठीच एवढा कागद.

ही आनी कुंगा हिच्या मांडीचं हाड आहे. म्हातारी जोगीण होती, मेमेला च्यो तिनं शिकवला. मरताना म्हणाली, "छुल्टिम, उजवा पाय जन्मभर दुखलाय, त्यातून रडकाच सूर निघेल. डावा घे. बाकीचं गिधाडांचं." मृत्युपत्र असावं तर असं. दोन ओळीत आटपलं, आणि भांडायला कोणी उरलं नाही.

अशांग तारखे म्हणतो, तुतारी त्याची, तो मेमेचा मुलगा आहे, आणि हंगाम तोंडावर आलाय. हंगाम म्हणजे तंबूवाले परदेशी पाहुणे. त्यांच्यासमोर तो मेमेची पट्ट्यांची शाल पांघरतो, स्पीकरवर कुठल्याशा मठातलं पठण लावतो आणि चहाच्या वेळेला हेच हाड फुंकतो. एकदा फोटो नीट आला नाही म्हणून परत फुंकलं. बोलावतो आणि वाढत नाही. दरसाल.

परवा तो आमच्या चुलीशी येऊन बसला. अबी छेझोम पण होती, शेजारची म्हातारी, गुडघे धरून.

"पोरीच्या जातीनं हाड फुंकलं की पाहुणे येतात आणि घर खाऊन जातात," तो म्हणाला. "हिनं दाखवलंय एकदा. आण इकडे."

"तू तोंडाला लावतोस ते हाड कोणाचं रे?" अबीनं विचारलं. "बाईचंच ना?"

"अबी, तू मध्ये पडू नकोस."

"मी कशाला पडते? माझे गुडघे गेलेत. मी पडले की तुलाच उचलायला लागेल."

तो उठला आणि मला म्हणाला, "निघायच्या आत तुतारी माझ्या दारात आली नाही, तर घाटावरच काढून घेईन. बघू कोण अडवतं."

मी चुलीत शेण्या घालत राहिले.

आता 'दाखवलंय एकदा' हे काय, ते लिहिते. सगळ्या गावाला माहीत आहे, फक्त चुकीचं माहीत आहे.

मी दहा वर्षांची होते. सोमवारी शाळेवर निळे पत्रे बसले. मंगळवारी सगळं गाव, पोरांसकट, वरच्या कुरणात लोकर कापायला गेलं. मेमे गेला, मी गेले. मागं राहिला एकटा अशांग तारखे, शाळेच्या मैदानात तंबू होते म्हणून. बुधवारी सगळे खाली आलो. दुपारी आळीतली पोरं धाब्याखाली उभी राहून ओरडायला लागली, "मुकीला निदान फुंकता तरी येतं का?" मला उत्तर द्यायचं होतं आणि शब्द येईना. मेमेची तुतारी खुंटीला होती. तीनदा फुंकली. छान वाजली. तेवढं मला अजून आठवतं.

संध्याकाळी गारा पडल्या. सुपारीएवढ्या. उभा जव झोपला आणि नवीन पत्र्यांची चाळण व्हायची तेवढी राहिली.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर, सगळ्यांसमोर, अशांगनं मला दंडाला धरून उभं केलं. "पाहुण्यांना बोलावलंस ना? मग वाढलंस काय? उपाशी गेले ते आपला जव खाऊन गेले!" मेमे तिथंच होता, माळ ओढत राहिला. त्या दिवसापासून माझं नाव उपाशी पंगत. "ए उपाशी पंगत, आज कोण जेवायला?" शाळेत मी बाकावर बसले की पोरं कानात बोटं घालायची. कानात बोटं घालून पाढे कसे म्हणणार, म्हणून मास्तरांनी मला मागं बसवलं. मग आणखी मागं. मग मी गेलेच नाही.

मेमेनं मला घरी शिकवायला घेतलं. पहिला अख्खा हिवाळा नुसती घंटा. "एकदा वाजव, आणि आवाज संपतो कुठे ते ऐक." मी म्हणायची, संपला. तो म्हणायचा, "तू कंटाळलीस. तो अजून चाललाय." मग डमरू. मनगट फिरवायचं, हात नाही. दोन्ही गोळ्या एकदम कातड्यावर पडल्या पाहिजेत. "मन पळायला लागलं की ठोका आधी चुकतो," तो म्हणायचा, "म्हणून डमरू. पळालेलं जनावर पकडायला आधी कळायला हवं ना, पळालंय म्हणून." डमरू हातात असला की माझा आवाज सुटतो. बोलताना सुटत नाही, गाताना सुटतो. दुसरं शिक्षण माझं नाही.

मागच्या साली दहाव्या महिन्यात मेमे गेला. त्याच्या पेटीत, पोथ्यांच्या खाली, एक फोटो सापडला. तंबूवाल्यांनी पुढच्या साली वाटाड्याच्या हाती पाठवलेला असणार. शाळेचं मैदान आहे. अशांग तारखे तोंडाला तुतारी लावून उभा आहे, गाल फुगलेले. मागं जव उभा आहे, कमरेएवढा. आणि त्याच्या मागं शाळेचं छप्पर, निळं, नवं, त्यावर एकही पोचा नाही.

सोमवारी पत्रे बसले. बुधवारी संध्याकाळी त्यांना पोचे पडले. सोमवारी आणि बुधवारी सगळं गाव खाली होतं, त्यानं फुंकलं असतं तर कोणीतरी ऐकलं असतं. राहिला मंगळवार.

गारा कोणामुळे पडल्या मला माहीत नाही. आकाशाचं आकाशाला माहीत. पण पहिली बोलावणारी मी नव्हते. आणि ज्यानं आधी बोलावलं, त्यानंच मला दंडाला धरलं.

पाच. सदर फोटो या कागदाला जोडला आहे. वाचून झाल्यावर तो शाळेत भिंतीला लावावा, जिथून खिडकीतून छप्पर दिसतं तिथं.

चार राहिलाच. तुतारी आजपासून अबी छेझोमची. मी तिच्याकडून मागून नेते आहे, डमरू आणि घंटाही तशीच. परत आले नाही तर ज्याला ती सापडेल त्यानं अबीला आणून द्यावी. अबी म्हणाली, "मला डावा पाय हवाच होता, पण वाजणारा नव्हे, चालणारा." घेतली मात्र. तिच्यानंतर कोणाला द्यायची ते तिनं ठरवावं, नियम एकच : आधी वाढून दाखव, मग फुंक. अशांग तारखेला हा नियम जमला तर त्यालाही द्यावी. जमणार नाही.

सहा. मेमेची बसायची मेंढीची कातडी अशांग तारखेला. त्यावर बसून त्यानं कुठलीही घंटा एकदा वाजवावी आणि आवाज संपतो कुठे ते ऐकावं. मला वाटतं त्याला लगेच संपल्यासारखा वाटेल.

सात. मेमेवरचा राग. त्याला माहीत होतं. फोटो त्यानं जपून ठेवला, पाच वर्षं, आणि रोज माझ्यासमोर बसून मला ठोका शिकवला. मुलाला झाकलं आणि मला शिकवून भरपाई केली. कोणाला तरी द्यावा असा हा राग नाही, कोणी घेणारही नाही. ठेवून जावं तर लपवलेली सुई होते. म्हणून तो बरोबर नेते. पहिल्या झऱ्याला तोच कापून वाढणार. जास्त आहे, पुरेल सगळ्यांना.

आज शाळेच्या मैदानात हे वाचलं. मास्तर वाचणार होते, पण मी म्हटलं मी वाचते, आणि डमरू हातात धरून वाचलं. फोटोच्या जागी आले तेव्हा सगळ्यांनी मान वर करून छपराकडे बघितलं. अशांग तारखेनंही बघितलं.

मग मास्तरांनी शाईची डबी पुढं केली. जवळच्या नातेवाइकाचा अंगठा लागतो.

"अंगठा दिला तर मी कबूल केलं असं होईल," अशांग म्हणाला.

"नाही दिलास तरी झालंय," अबी म्हणाली.

तो मैदानातून निघून गेला. कोणी अडवलं नाही, कोणी हाकही मारली नाही. आणि तुतारी अबीच्या मांडीवर होती.

साक्षीदार :
टीकाराम, शिक्षक. सही. (यांगझोमला मी मागं बसवलं होतं, हे खरं आहे. – टी.)
अबी छेझोम, शेजारीण. अंगठा, डावा, हट्टानं.

लिहून देणार : यांगझोम. सही.

पोल्दे गाव, शाळेचं मैदान. लाकडी सापाचं वर्ष, सहावा महिना, दहावी तिथी.

अशांग तारखे याच्या अंगठ्यासाठी खाली जागा सोडली आहे. तिथं दुसऱ्या कोणी काही लिहू नये. ते उशिरा येणाऱ्याचं पान आहे. शाईची डबी अबी छेझोमकडे आहे.