डाव्या बाजूचा जोड

चऱ्होली
रविवार, सकाळ

प्रिय मिनल,

आपल्या घरात कुणी कुणाला पत्र लिहिल्याचं मला आठवत नाही, त्यामुळे पाकीट बघून तू घाबरली असशील. आई बरी आहे, मीही हिंडतो-फिरतो आहे. पण रोज आपण फोनवर जे बोलतो, जेवलीस का, होसूरला पाऊस आहे का, कंपनीची बस वेळेवर येते का, त्याच्या पलीकडचं एक बोलणं फेब्रुवारीपासून माझ्याकडे राहून गेलं आहे. फोन कानाला लावला की मी पुन्हा पावसाचंच विचारतो. म्हणून कागद घेतला. अक्षर मोठं दिसेल, ओळी खाली उतरलेल्या दिसतील. त्याचं कारणही सांगणार आहे, पण मला क्रमाने जाऊ दे. मधेच उडी मारली तर मी पुन्हा पळवाट शोधीन.

तू आईला म्हणालीस की अंगणातला माझा वजनं उचलायचा रॅक विकून टाका, गाडी लावायला जागा होईल. विकलेला नाही. आई रोज सकाळी त्याच्या वरच्या आडव्या पाइपला रबराचा पट्टा बांधून खांद्याचा व्यायाम करते. डॉक्टरांनी सांगितलेले वीस आणि स्वतःच्या मनाचे पाच. गेल्या आठवड्यात तिने माळ्यावरचा पिठाचा डबा कुणालाही हाक न मारता खाली काढला आणि दिवसभर ते सांगत फिरली. शेजारच्या अंबुबाईही येतात. रॅक उभा केला त्या दिवशी फाटकाशी उभ्या राहून त्या विचारत होत्या, पोरगी एवढं लोखंड उचलती व्हय? आता त्याच तुझ्या बाकावर बसून गुडघा सरळ-वाकडा करतात आणि मिनल कवा येनार म्हणून मला विचारतात. मी काहीतरी उत्तर देतो आणि गाडी बाहेर काढतो. तिथून जाताना मी रॅककडे बघत नाही.

तो का बनवला हे तुला माहीतच आहे. तुझी चाकणची दुसरी शिफ्ट, सुटेपर्यंत जिम बंद. पहिल्या शिफ्टला संध्याकाळी आकुर्डीला पोचलीस तर तिथे एकच रॅक आणि त्यात मोबाइल बघत बसलेली चार मुलं. तुझ्या कोच तेजस्विनी मॅडम मला म्हणाल्या होत्या, ही पॉवरलिफ्टिंगमध्ये राज्यात नंबर काढेल, फक्त हिला रोज तासभर मोकळा रॅक पाहिजे. मग तू मला फोनवर चित्र दाखवलंस. चार खांब, खांबांना वरपासून खालपर्यंत होल, त्यामुळे बार हव्या त्या उंचीवर ठेवता येतो. त्यातच खांद्यावर बार घेऊन बसून उठायचं, म्हणजे स्क्वॉट, त्यातच बाकावर आडवं होऊन बेंच, वर लटकायलाही जागा. आणि दोन्ही बाजूंना एकेक आडवा सेफ्टी बार, म्हणजे वजन पेललं नाही तर खाली बसायचं, बार त्या दोघांवर टेकतो आणि माणूस वाचतो. तू त्या दोन आडव्यांवर बोट ठेवून म्हणालीस, "पप्पा, बाकी काहीही उन्नीस-बीस चालेल, हे दोन पक्के पाहिजेत. मी एकटी असेन तेव्हा माझ्यामागे हेच असणार." मला हसू आलं होतं. एकतीस वर्षं वेल्डिंग मारणारा माणूस, आणि चार खांब बाजारातून विकत आणणार?

दिवाळीच्या आधीचे ते पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. चौकोनी पाइप आपण भोसरीहून आणले. होल मारायला खंडूच्या वर्कशॉपवर गेलो, तो कंपनी सोडून कुदळवाडीत स्वतःचं काम करायला लागला त्याला आता सहा वर्षं झाली. फरशी फुटू नये म्हणून मोशीच्या दुकानातून गोठ्यात अंथरतात तसल्या जाड रबरी मॅट घेतल्या, आणि त्या स्कूटरवर आणताना तू मागे बसून एवढी हसत होतीस की सिग्नलला लोक बघायला लागले. तू काटकोन धरायचीस, मी वेल्डिंगचे टाके मारायचो. एकदा तू म्हणालीस, टाका रेघेच्या बाहेर पडतोय. मी म्हणालो, ऊन डोळ्यावर येतंय.

ऊन नव्हतं, मिनल. आपण सावलीत होतो.

त्याच्या दोन महिने आधी कंपनीत डोळे तपासायचा कॅम्प झाला. डावा डोळा झाकल्यावर समोरच्या पाटीच्या मधोमध मला राखाडी डाग दिसला. कडेची अक्षरं दिसायची, मधली गिळलेली. आणि जोडावर नेम मी कायम उजव्याच डोळ्याने धरतो. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असंही नाही. आधीच्या काही महिन्यांपासून सरळ पट्टी मधे वाकल्यासारखी दिसत होती, पण मी चष्म्यावर ढकलत होतो. रांगेत माझ्या पुढच्या तिघांनी वाचलेली अक्षरं मी पाठ केली आणि तशीच म्हणून दाखवली. पास झालो. रिटायर व्हायला दोन वर्षं होती. डोळे गेलेल्या वेल्डरला पॅकिंगला बसवतात, खोके चिकटवायला. माझ्या हाताखाली शिकलेल्या लोकांसमोर मी खोके चिकटवत बसलेला मला नको होतो. आणि घरी तू रॅक मागत होतीस. तुला काय सांगणार होतो?

म्हणजे मला माहीत होतं. हे वाक्य लिहायला मला आज सकाळचे दोन तास लागले आहेत. तुझा रॅक वेल्ड करताना मला माझ्या डोळ्याबद्दल माहीत होतं.

आता तो फेब्रुवारीतला रविवार. बाकीचं तुला पाठ आहे, मी फक्त माझ्या बाजूचं सांगतो. तू बारवर एकशे दहा किलो लावलंस आणि मला मागे उभं राहायला सांगितलंस. मी दोन पावलं मागे उभा होतो. तू खाली गेलीस, वर यायला लागलीस, अर्ध्यात थांबलीस. तुझी मान थरथरायला लागली. मी पुढे झालो तोवर तू, मॅडमनी शिकवल्याप्रमाणे, बार सोडून सेफ्टीवर टेकवलास. उजवा टेकला. डावा टेकला आणि लगेच कट्कन आवाज आला. बार डावीकडे कलला, प्लेट सुटल्या, तू पुढे उडी घेतलीस म्हणून पाठ वाचली, पण डावा पाय मागे राहिला. तू ओरडली नाहीस. खाली बसून पाय धरलास, पांढरीफटक पडलीस, आणि पहिलं काय बोललीस तर, "पप्पा, माझंच चुकलं. मी वाकडी उतरले."

आई धावत आली, रिक्षा आली, तुला मागच्या सीटवर आडवं घातलं. तुम्ही पुढे झालात, मी म्हणालो, कुलूप लावून मागून येतो. मी कुलूप लावलं नाही. आधी तो डावा आडवा उचलला. टोकाच्या पट्टीचा जोड मुळातून सुटला होता. वरून वेल्डिंगची माळ छान दिसत होती, पण आत लोखंड वितळून एकमेकांत उतरलेलंच नव्हतं. रेघेपासून नखाएवढी सरकलेली माळ. जोडावर नाहीच, शेजारी. शिकाऊ पोरगासुद्धा असं मारत नाही. तो तुकडा मी गोणपाटात गुंडाळून गाडीच्या डिकीत टाकला आणि मग दवाखान्यात आलो.

तिथे प्लास्टर घालताना तू पुन्हा विचारलंस, बार वाकडाच आला ना? आणि मी म्हणालो, हो, थोडा वाकडा आला, त्यात सेफ्टी बार अडकवायची पिन निसटली.

गप्प बसलो असतो तरी गुन्हा थोडा कमी झाला असता. मी हो म्हणालो. तेजस्विनी मॅडम भेटायला आल्या तेव्हाही तेच म्हणालो. त्या तुला समजावत होत्या की कंबर एका बाजूला जात असेल, आपण तंत्र सुरुवातीपासून बसवू, आणि मी त्यांच्यासाठी चहा ओतत होतो.

दुसऱ्या दिवशी तुकडा घेऊन खंडूकडे गेलो. त्याने तो उलटा-सुलटा केला, उजेडात धरला आणि विचारलं, "हे कुणी मारलंय, भाऊ?" मी चष्मा पुसायला लागलो. त्याने माझ्याकडे बघितलं, मग तुकड्याकडे, आणि मग हळूच खाली ठेवला. त्या आठवड्यात त्याने येऊन रॅकचा एकेक जोड घासला आणि पुन्हा मारला. तुला मी सांगितलं, मी जास्तीची मजबुती केली.

प्लास्टर निघालं. तू पुन्हा बारखाली उभी राहिलीस आणि नुसता रिकामा बारही खाली न बसता परत ठेवून दिलास. मी खिडकीतून बघत होतो. तीन दिवस प्रयत्न केलास, चौथ्या दिवशी बार भिंतीला लावून ठेवलास. मग होसूरच्या बदलीला तू इतक्या पटकन हो म्हणालीस की तुझी आई रडली. तिने कारण विचारलं तेव्हा तू म्हणालीस, मला माझ्याच शरीराचा भरवसा राहिला नाही. हे वाक्य आईने मला पोळ्या लाटताना सहज सांगितलं. मी जेवलो नाही. तरीही बोललो नाही.

आणि तरीही कामावर जात राहिलो. रोबोने सोडलेले जोड भरायचं माझं काम तुला माहीत आहे. सीटखालची ब्रॅकेटं, ज्यांवर कुणीतरी पोरंबाळं घेऊन बसणार. मागच्या सोमवारी एक ब्रॅकेट हातात घेतलं, माळ मारली, हेल्मेट वर केलं आणि अंगठा फिरवला. अंगठ्याला रेघ लागली. जोड उघडा होता. मी बघत होतो तिथे माळ होती, अंगठा सांगत होता तिथे नव्हती. मी गन खाली ठेवली. सुपरवायझरकडे गेलो आणि सांगितलं की साहेब, माझा नंबर मारलेला माल थांबवा, मला उजव्या डोळ्याने मधलं दिसत नाही. तो आधी हसला, त्याला वाटलं मी सुट्टीसाठी बोलतोय. मग त्याचा चेहरा बदलला. तीन पिंपं रोखली, पुन्हा तपासली. चार ब्रॅकेटं खराब निघाली. गाडी भरायच्या आधी. आधी किती गेली असतील ते शोधायचं काम चालू आहे, आणि मी रोज त्यांच्याबरोबर बसून जुने नंबर काढून देतो. पुढे माझं काय करायचं ते ठरायचं आहे. जे ठरेल ते ठरेल. डोळ्याच्या डॉक्टरांनी तपासलं, पडद्याच्या मधे खराबी आहे म्हणाले. इंजेक्शनं सुरू केली आहेत. आहे तेवढं टिकेल, गेलेलं बहुधा येणार नाही.

त्याच दिवशी आईलाही सगळं सांगितलं. ती ऐकून उठली, बाहेर गेली, रॅकचा पट्टा सोडला आणि घडी घालून ठेवला. तिसऱ्या दिवशी पट्टा पुन्हा बांधला आणि मला म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं तिला सांगा."

काल तेजस्विनी मॅडम आल्या होत्या. राज्य स्पर्धेची नावं वीस तारखेपर्यंत द्यायची आहेत, मिनलचं कायमचं काढू का, असं विचारत होत्या. त्यांना मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, तिला माझं पत्र मिळेपर्यंत काढू नका. त्या उठताना म्हणाल्या, वीसपर्यंत थांबते. तू खेळावंस म्हणून हे लिहीत नाही, तो हक्क मी गमावला आहे. माफी तू समोर आलीस की उभा राहून मागेन, तेव्हा काय बोलायचं ते बोल. पण खेळायचं की सोडायचं, हे खोट्यावर ठरवू नकोस. त्या दिवशी तू वाकडी उतरली नव्हतीस. तुझे पाय सरळ होते, पाठ सरळ होती, आणि बार अगदी सपाट खाली आला होता. मी दोन पावलांवर उभा होतो, आणि तेवढं मला स्वच्छ दिसलं होतं.

तुझाच,
पप्पा