मावळतीकडे उडणारी मातीची कबुतरं

प्रिय एलोदी,

तुला एक आजी आहे, हे आठवतंय का? सुकलेल्या लाल मिरचीसारखी दिसते, तशीच बोलते, आणि लुइझियानातल्या भातखाचरांच्या कडेला पत्र्याच्या घरात राहते. समुद्राकाठी राहायला गेलीस तेव्हा दर महिन्याला पत्र टाकीन म्हणाली होतीस. ईस्टर आला नि गेला, अंड्यावर अंडं आपटायचा खेळ खेळून सगळी पोरं दमली, तरी तुझं पत्र नाही. अगं, विसरायचं वय माझं; तू कशाला माझा हक्क मारतेस? हे पत्र टपालवाला अल्सीद लिहून घेतोय. अक्षर त्याचं, बोलणं माझं. माझ्या ओट्यावर बसून तो दोन कप कॉफी प्यायलाय, तेव्हा त्याला एक शब्द गाळायची मुभा नाही. मध्येच अक्षर वाकडं झालेलं दिसलं तर समज, मजकूर त्याच्याबद्दल आहे.

मुद्द्यावर येते. तुझा बाप मला माझ्या घरातून काढतोय. तोंडाने म्हणत नाही. युलिस तोंडाने काय म्हणतो कधी? जन्मला तेव्हासुद्धा सुइणीने उलटा धरून फटका मारला तेव्हा कुठे हुंकार दिला. पण त्याने त्याच्या रस्त्याकडच्या घरामागे, माझ्या घराच्या दिशेला, मातीची कबुतरं उडवायची जागा केलीय. कबुतरं म्हणजे मातीच्या बशा, तुला ठाऊक आहेत. यंत्र त्या हवेत भिरकावतं आणि गावातले बाप्ये दर शनिवारी संध्याकाळी त्या फोडतात. बदकांचा मोसम संपला की यांचे हात शिवशिवतात.

जागा मात्र दृष्ट लागावी अशी केलीय, हे शत्रूलाही म्हणावं लागेल. नेम धरणार्‍यासाठी फळ्यांची चौकट, तिच्या दोन्ही बाजूंना जाड खांब, म्हणजे बंदुकीची नळी त्यांच्यापलीकडे वळतच नाही. मागे दोरी. पाळी नाही तो दोरीमागे, आणि त्याची दुनळी बंदूक मधोमध बिजागरीत उघडून हातावर लटकलेली, आत काडतूस नाही हे चारचौघांना दिसावं म्हणून. कानात बोळे, डोळ्यांवर चष्मे. शेवटची बंदूक पेटीत गेल्याशिवाय बियरचं झाकण उघडायचं नाही. समोर तीनशे यार्डांत माणूस नको, गाय नको, कोंबडी नको. आणि त्या तीनशे यार्डांच्या टोकाला, हद्दीच्या जेमतेम आत, काय येतं? माझं घर!

मला म्हणाला, आई, छर्रे तिथवर पोचायचे नाहीत, पण नियम तो नियम, शनिवारी तू आमच्याकडे ये. गेले. मग म्हणाला, अंधारात परत कुठे जातेस, इथेच झोप. झोपले. मग रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेहून आल्यावर म्हणाला, आता जेवूनच जा. जेवणानंतर डुलकी, डुलकीनंतर कॉफी, कॉफीनंतर पुन्हा रात्र. आता बुधवारीही सराव हवा म्हणतात. असंच चाललं तर सप्टेंबरातली वादळं यायच्या आत मी माझ्याच घरी पाहुणी म्हणून जाईन.

तर मी मनात म्हटलं, ओडाली, यात काहीतरी शिजतंय. पहिला संशय तुझ्या आईवर. क्लोतीलची बहीण नवर्‍याशी भांडून माहेरी आलीय, तिला घर हवंय. खोटं का बोलू, सून म्हटली की माझा संशय आपोआप तिकडेच वळतो, जसा पाण्याचा लोंढा उताराकडे. तिची परीक्षा घ्यायला मी भांडी पुसता पुसता सहज म्हणाले की माझं घर चर्चला देऊन टाकायचं ठरवलंय. वाटलं, हातातली बशी पडेल. तर ती म्हणते, बरं होईल हो आई, फादरना तेवढे छपराचे पत्रे बदलून घ्यायला सांगा, गळतात मेले. तिथून संशय उठवला आणि दुसरीकडे नेऊन बसवला. तेलवाल्या कंपनीला जमीन विकत असेल का? पण कुणी मोजायला आलं नाही, खुंट्या ठोकल्या नाहीत. अल्सीदला विचारलं, त्याला सगळ्या गावाचं ठाऊक असतं. तो म्हणाला, मादाम ओडाली, युलिस एक वीतभर जमीन विकणार नाही, तुम्ही उगाच भुतं बघता.

पण भुतं नव्हती, एलोदी. मला त्यांच्याकडे जी खोली दिली ना, तिला नवा रंग दिलेला, तरी पहिल्या शनिवारीसुद्धा त्याचा वास नव्हता. म्हणजे यंत्रातून एकही बशी उडायच्या आधी ती रंगवून, वाळवून तयार होती. पलंग बुटका, माझ्या गुडघ्यांना झेपेल असा. न्हाणीत धरायला दांडी. जपमाळेला खिळा. खिडकी उगवतीला. शनिवारच्या एका रात्रीसाठी कुणी भिंतीत दांडी ठोकतं का?

आणि सगळ्यात मोठी खोच त्या यंत्राच्या तोंडाची. युलिसने ते मावळतीकडे लावलंय. शनिवारी कामं उरकून बाप्ये जमतात तेव्हा सूर्य नेमका कुठे असतो? त्यांच्या डोळ्यांत! उत्तरेला कालव्यापर्यंत मोकळं रान पडलंय, घर नाही, वाट नाही, झाड नाही. तिकडे तोंड केलं असतं तर ऊन डोळ्यांवर आलं नसतं आणि मीही माझ्या घरात बटाटे सोलत बसले असते. हे मला कळतं, आणि आख्ख्या गावातल्या पोरांना बंदूक धरायला शिकवलेल्या युलिसला कळत नाही? आत्ताच अल्सीदला विचारलं, सूर्य त्रास देतो की नाही, खरं सांग. त्याने पेन खाली ठेवली. म्हणतो, देतो हो, सगळ्यांनाच देतो, पण युलिस म्हणाला जागेबद्दल कुणी ब्र काढायचा नाही. बघ! आता त्याला पुन्हा पेन उचलायला लावलीय.

आता एक गोष्ट सांगते, जी तुझ्या बापाने तुला फोनवर सांगितली नसणार. माझ्या स्वयंपाकघराला नवे पडदे आहेत. जुने जळले. ईस्टरआधीच्या उपासांत, लेंटच्या दिवसांत, दुपारी गॅसवर तेल ठेवलं आणि कोंबड्यांकडे गेले, आणि मग काय ठेवलं होतं ते डोक्यातून पार गेलं. एवढंच. पडदे तसे विटलेच होते. युलिसने रस्त्यावरून धूर पाहिला आणि धावत आला. विझवलं. काळी झालेली भिंत रात्रीपर्यंत घासली, दुसर्‍या दिवशी रंगवली. मला एक अक्षर बोलला नाही. फक्त जाताना गॅसची चावी बंद केली, आणि दारापाशी जाऊन परत आला आणि पुन्हा बंद आहे का पाहिलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याला एकदम मातीच्या कबुतरांचं वेड लागलं. मी मात्र सुनेवर पहारा ठेवत बसले.

कळलं केव्हा, तर परवाच्या शनिवारी. पाळी अल्सीदची होती. (लिही रे, मुकाट्याने लिही.) याने बशी मागितली, ती सूर्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. चौकटीतून बाहेर बघू नये एवढी साधी गोष्ट, पण हा डोळे मिचकावत, भरलेली बंदूक खांद्याला लावून तिला शोधत वळला. क्लोतील दोरीमागे कॉफीचा ट्रे घेऊन उभी होती. नळी खांबावर खाडकन आपटली आणि तिथेच अडली. खांब नसता तर ती पुढे कुठे वळली असती, ते अल्सीदला लिहायला लावत नाही. क्लोतील हसली, म्हणाली, अल्सीद, कॉफी नको असेल तर तोंडाने सांगायचं! पण ट्रेमधले कप वाजत होते. युलिस चुन्यासारखा पांढरा पडला. सगळ्यांना घरी पाठवलं. मला वाटलं, आता यंत्र फिरवील. रविवारी बघते तर चौकटीला आणखी दोन खांब लावत होता. यंत्र मावळतीकडेच. कारण ते उत्तरेकडे वळवलं, तर मला घराबाहेर ठेवायला त्याच्याकडे निमित्त उरत नाही. स्वतःच्या बायकोच्या जिवावर बेतूनसुद्धा, आई, तुला आता एकटं राहणं जमत नाही, हे वाक्य त्याला उच्चारवत नाही. माझंच पोर. मी तरी कुठे त्याला कधी मनातलं बोलून दाखवलं!

म्हणून हे पत्र. मी त्याला सरळ म्हटलं, तर तो मान खाली घालील आणि ते वाक्य त्याला बोलावं लागेल, आणि मला ऐकावं लागेल. दोघांनाही ते नको. तेव्हा रविवारी तो तुला फोन करील तेव्हा तू सांग की आजीचं पत्र आलंय, तिला रात्रीची एकटीला भीती वाटते, वादळांच्या आधी कायमचं तुमच्याकडे यायचंय, पण मागायला लाजते. मी आणि लाजते! सांगताना हसू नकोस, नाहीतर त्याला कळेल. भीतीचं खोटं माझ्या खात्यावर, फादरशी मी बघून घेईन. आणि फोन ठेवता ठेवता, जसं आत्ताच सुचलं असं, म्हण की पपा, आजी तिथे राहत नसेल तर यंत्र उत्तरेकडे का नाही लावत, आईच्या डोळ्यांवरही ऊन येत असेल. एवढं पुरे. पुढचं त्याच्याच्याने होईल. अल्सीदला मी क्रूसावर हात ठेवून शपथ घालतेय, हा गावात बोलणार नाही. कोंबड्या क्लोतीलला देईन, ती त्यांच्याशी माझ्यापेक्षा गोड बोलते. तिच्या हातचा गंबोचा रस्सा मात्र पाण्यासारखा पातळ असतो, तेवढं आता रोज सोसायचं. तेव्हा तुमच्याकडच्या उन्हात वाळवलेले सोडे पाठव, दुकानातले पुड्यातले नकोत, बारीक आणि खारे बघ, आणि या वेळी मूठभर नको, तिघांना पुरतील एवढे पाठव.

तुझीच,
अजून तरी सगळं ध्यानात असलेली,
आजी ओडाली