वैजयंतीच्या वाटचा चहा

३ नोव्हेंबर, सोमवार
टॉवेल कारखान्यात मला 'आरोग्यदूत' नेमलं. बायको वैजयंती शुगरने गेली त्याला वर्ष होत आलं, म्हणून मॅनेजरना मी योग्य वाटलो असेन. उद्यापासून कॅंटीनचा चहा बिनसाखरेचा. लेक ऋतुजाच्या डब्यातले वेफर्स बंद. शिस्तीची सुरुवात घरापासून.

४ नोव्हेंबर
पहिला दिवस यशस्वी. कॅंटीनमध्ये चहा भरपूर उरला, म्हणजे लोकांनी चहा कमी केला. मागावरचा बसू म्हणाला, साहेब, ह्यो चहा न्हाय, टॉवेल पिळल्यालं पाणी हाय. विरोध अपेक्षित होता.

संध्याकाळी घरी माझा चहा फिका घेतला. मग नेहमीप्रमाणे वैजयंतीच्या फोटोपुढे तिचा कप ठेवला. साखर घालून. बिचारीने इतकी वर्षं पथ्य पाळलं, आता कशाला? पुढे ठेवलेलं टाकू नये, म्हणून नंतर मीच घेतला. तो माझ्या हिशेबात नाही.

७ नोव्हेंबर
सगळे गेटबाहेरच्या टपरीवर जातात असं कळलं. पाहणीला गेलो. नुसतं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून भजी घेतली. बसूने सरकून बाकावर जागा केली. म्हणाला, बसा की साहेब, खरं आरोग्य हितंच हाय.
गर्दी फार. पाहणी उद्याही करावी लागेल.

९ नोव्हेंबर, रविवार
फोटोपुढे जिलेबी ठेवली. वैजयंतीला आवडायची. ऋतुजा म्हणाली, आईला नाही, तुम्हाला. पाचवीतली मुलं, विसरतात.
नंतर रिकामी ताटली बघून तिने विचारलं, आईने सगळी संपवली का?
तिला गृहपाठाची आठवण करून दिली.

१३ नोव्हेंबर
कारखान्यात तपासणी शिबिर. उद्घाटन म्हणून पहिलं रक्त माझं. नर्सने आकडा बघितला आणि पुन्हा सुई टोचली. पुन्हा तेच. म्हणाली, डॉक्टरांना आजच भेटा. मशीन तपासून घ्या असं मी सुचवलं. बसूची शुगर नॉर्मल निघाली, मशीनबद्दल शंका वाढली.
संध्याकाळी बसूने मोटारसायकलवरून शुक्रवार पेठेत घरी सोडलं आणि विचारलं नसताना ऋतुजाला सांगून टाकलं, बाळ, पप्पाची शुगर लई वाढलीय, ध्यान ठेव.
ती गृहपाठाची वही काढून बसली. माझ्यावरच गेली आहे.

१४ नोव्हेंबर
घरी आलो तर फोटोपुढे कप आधीच ठेवलेला. ऋतुजाने स्वतः केला होता. गॅसजवळ स्टूल तसंच होतं. साखरेचा डबा दिसेना. विचारलं, तर शेजारच्या गिरिजाबाईंकडे ठेवून आली होती.
म्हटलं, आईचा चहा तरी गोड असू दे.
म्हणाली, आई असाच प्यायची. मग म्हणाली, तुमचा पण फोटो लागला तर ते दोन कप मी एकटीने प्यायचे का?
कप उचलला. अगदीच फिका. बसू म्हणत होता तसाच. टाकू नये म्हणून संपवला.
आज तो माझ्या हिशेबात धरला.