विहिरीतलं कासव

८ मे, शुक्रवार
गेल्या आठवड्यात एकाने गुडघ्यांसाठी घोरपडीचं तेल आणून देऊ का विचारलं. आज कासवाची नखं. विचारणारा गजानन, कोपऱ्यावरचा किराणावाला, दहावीला माझाच विद्यार्थी होता.
"मॅडम, तुमच्या विहिरीतल्या कासवाले नखं किती हायेत?"
"काऊन रे?"
"माह्या साडभावाले कोणी सांगतलं, वीस नखाचं कासव असन तं घरात पैशाचा पाऊस पडते. मी नाई मानत. पण इचारून पाह्यलं."
मानत नाही तर साडूचं ऐकून विचारतोस कशाला? हाकलला. पस्तीस वर्षं फळ्यावर पृष्ठवंशीयांचे पाच वर्ग लिहिले. लोकांनी त्यांचे दोनच केले: कामाचे आणि बिनकामाचे.

११ मे, सोमवार
विहीर उपसली. दर मे महिन्याचंच काम. आधी कासव काढून घंगाळात ठेवायचं, उपसा झाला की परत सोडायचं. यंदा पाणी कमरेइतकंच. आठ-दहा दिवस ते दिसलंच नव्हतं, म्हटलं बुडाशी असेल. गाळ काढणारे दोघं आत उतरले, तळ लागला, कासव नाही. पुन्हा बघायला लावलं. नाही.
शांताबाई भांडी घासता घासता म्हणाली, "कोणी तरी नेलं असन, बाई. परवा तो गजानन इचारून नोता राह्यला?"
हो. विचारत होता.
गाळ सुद्धा त्यानेच नेला संध्याकाळी, हातगाडीवरून. बायकोच्या गुलाबांसाठी म्हणे. मीच हो म्हटलं होतं. आता वाटतं, विहिरीपाशी यायला त्याला निमित्तच...
नालवाडीत प्लॉट घेतला त्या वर्षी ह्यांनी बाजारातल्या मासेवालीकडून आणलं होतं. एकवीस वर्षं झाली. विहीर साफ राहते म्हणून आणायचंच असतं, इथे सगळ्यांच्या विहिरीत असतं. ह्यांनी आणलेलं जिवंत असं या घरात तेवढंच उरलंय.

१२ मे, मंगळवार
सकाळी दुकानावर गेले. चार गिऱ्हाइकं होती, बरंच झालं. म्हटलं, मुकं जनावर विकून श्रीमंत व्हायचं असेल तर वजनकाटा तरी खरा ठेव. गजानन साखरेचा पुडा बांधत राहिला. चोर गप्प बसतात, हे वर्गात पाहिलंय.
तिथून वनखात्याच्या ऑफिसात. वनरक्षक मुलगी, तिशीची, चुणचुणीत. तक्रार लिहून घेऊ लागली.
"कासव कोणाचं होतं, मॅडम?"
"माझं."
तिने पेन खाली ठेवलं. "चोरीले गेलं म्हणता. पण ते तुमचं कसं काय होतं?"
जंगली प्राणी पकडणं, पाळणं गुन्हा आहे, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहायचे. खाली दोन रेघा मारून. एकदाही माझी विहीर आठवली नाही! म्हटलं, पाळलं नव्हतं, विहिरीत होतं. ती म्हणाली, "तिथून ते कुठे जाऊ शकत होतं का?"
पाणी मागून प्याले. घरी आले. जेवले नाही.

१३ मे, बुधवार
सापडलं. सापडलं, सापडलं.
दुपारी साडेचारला गजानन दारात. हातात टोपलं, वर ओलं पोतं. "घ्या मॅडम, तुमचं पैशाचं झाड." त्याची बायको गुलाबांना पाणी घालत होती, तर गाळाचं एक ढेकूळ चालायला लागलं. ती ओरडतच घरात पळाली म्हणे.
चिखलात रुतून बसलं होतं. उन्हाळ्यात ही कासवं तशीच बसतात. हे कोण शिकवायचं? मीच शिकवायची. फावड्याखाली आलं नाही, केवढं नशीब. धुतलं तेव्हा मान बाहेर काढून माझ्याकडे रागाने पाहिलं. मी तिथेच पायरीवर बसले.
"नखं मोजली," गजानन म्हणाला. "एका पायाले तीनच. बारा. साडभावाले फोनही करून टाकला, नको येऊ म्हणून."
मी काही बोलायच्या आत गेला.

१४ मे, गुरुवार
माफी पूर्ण वाक्यात मागायची आणि कारणं जोडायची नाहीत, हे कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने छडी दाखवून शिकवलं होतं. दुकान भरायची वाट पाहिली, मग गेले. आरोप चौघांत केला होता, माफी एकांतात मागणं मला जमणार नव्हतं.
"गजानन, मी तुला चोर म्हटलं. ते खोटं होतं. मला माफ कर."
मग हा: "मॅडम, शाळेत तुम्ही मले दोनदा वर्गाबाहेर उभं केलंत. तवाही माही चूक नोती."
"एकदा होती," मी म्हटलं. हसला. मी पण. किती दिवसांनी.
वनरक्षक मुलीला फोन केला, कासव तुमच्या ताब्यात देते म्हटलं. स्वतःहून देताय म्हटल्यावर साहेबांशी बोलते म्हणाली. अर्ज लिहिला. अर्जात 'माझे कासव' लिहिलं, खोडलं, 'विहिरीतील कासव' लिहिलं. ह्यांना काय वाटलं असतं? ते म्हणाले असते, सुटलीस, आता विहीर साफ राहायला जाळी बसव.

१६ मे, शनिवार
सेलूच्या बाजूच्या तलावावर नेलं. वनरक्षक, गजानन, मी. गाडी गजाननची. कोणी बोलावलं नव्हतं, सकाळी येऊन उभा राहिला.
काठावर ठेवलं, तर मान आत. दहा मिनिटं. वीस मिनिटं. एकवीस वर्षं गोल भिंत पाहिलेल्या जिवाला एवढं पाणी म्हणजे काय वाटत असेल? जगेल? वनरक्षक म्हणाली, बरीच जगतात. सगळी, असं म्हणाली नाही. विचारल्यावर खोटं बोलली नाही, हे आवडलं.
शेवटी गजानन म्हणाला, "चला मॅडम. तुमच्यापुढे कोणी हलत नाई. वर्गातही नोतं हलत."
पाठ फिरवून गाडीपर्यंत गेलो. वळून पाहिलं तर जागा रिकामी. गजानन परत काठाशी जाऊन वाकून पाहून आला. ओली रेघ सरळ पाण्याकडेच गेलीये म्हणाला. माझा चष्मा घरी राहिला होता, मला ती रेघ दिसत नव्हती.
बरं म्हटलं आणि गाडीत बसले.