बुडाखालचा आकडा

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. गुडघा काय म्हणतो? (जिने चढू नकोस, असं बजावलं होतं. ऐकशील तर शपथ.) मी मात्र ठणठणीत आहे, कारण जिंकून आले आहे.

झालं असं, की आमच्या इमारतीच्या सेक्रेटरीने प्लास्टिकचा कचरा निवडून मी वेगळ्या केलेल्या चार पिशव्या फाटकाला टांगल्या आणि सगळ्यांदेखत मला ‘चार पिशव्यांच्या आजी’ म्हणाला. त्याचं म्हणणं, प्लास्टिक ते प्लास्टिक, कोंबा एका गोणीत! अगं, डब्याच्या बुडाखाली त्रिकोणात आकडा असतो, तो काय शोभेला? पाण्याची बाटली एक, शाम्पूची दोन, पाइप तीन, पातळ पिशवी चार, जेवणाचा डबा पाच, थर्मोकोल सहा, आणि ज्यांचं कुणातच जमत नाही ते सात (आपल्या धाकट्या काकांसारखे). शिवाय काही प्लास्टिकं मेणासारखी, वितळवून पुन्हा घडवता येतात. काही उकडलेल्या अंड्यासारखी, एकदा घट्ट झाली की झाली. कुकरची मूठ त्यातली. (आमचे हेही.) शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, भांडं उलटं करून पाहिल्याशिवाय स्वच्छ म्हणू नये. या माणसाने जन्मात काही उलटं करून पाहिलेलं नाही.

मग इमारतीच्या मीटिंगला मी पाण्याने भरलेली बादली घेऊनच गेले. तो हसला. म्हणाला, “आजी, पोहायला निघालात? करा सिद्ध, आजपासून कचऱ्याचा सगळा कारभार तुमचा!” मी त्याच्याच पुढ्यातली बाटली उचलली, कात्रीने तिचा तुकडा कापला आणि तुकडा व टोपण दोन्ही पाण्यात दाबून सोडले. तुकडा गेला तळाला, टोपण आलं वर! एकाच बाटलीचं अंग आणि टोपण, पण प्लास्टिक वेगळं. आता कोंबा, म्हटलं, एका गोणीत! तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. सेक्रेटरीने हसतहसत उठून कचऱ्याच्या खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. हरलेला माणूस इतका खूश कसा, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

तुझी,
ताई

ता. क. हवापालटाला महिनाभर ये. येताना जुने कपडे आणि रबरी हातमोजे आण. दोन जोड.

पुन्हा ता. क. गुडघ्याची सबब सांगू नकोस. एकही जिना चढायचा नाही. साऱ्या इमारतीचं प्लास्टिक फाटकाशी बसूनच उलटं करून बघायचं असतं.